वालुकाश्माच्या घळईतला ट्रेक: आखणीपासून परतीपर्यंत

डोंगरधारेवरचा ट्रेक आणि नदीच्या घळईतला ट्रेक यांतला खरा फरक सुटकेच्या वाटांचा आहे. धारेवर हवामान फिरलं किंवा कुणाचा पाय मुरगळला तर आल्या वाटेने उतरता येतं, नाहीतर आडवं सरकून दुसरी सोंड धरता येते. घळईत दोन्ही अंगांना उभे कडे, पायाखाली पात्र आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी. पुढे जा किंवा मागे फिरा. तिसरा पर्याय कडा जिथे खचलेला असेल तिथेच मिळतो. म्हणून माझा आग्रह असा, की घळईची आखणी करताना किलोमीटर नंतर मोजा, आधी पात्रातून वर निघायच्या जागा मोजा. खालच्या बहुतेक सूचना याच गोष्टीशी जोडलेल्या आहेत.

आधी खडक समजून घ्या

वालुकाश्म म्हणजे जुन्या नद्यांच्या, समुद्रकाठच्या किंवा वाळवंटातल्या वाळूचे थर दबून, घट्ट होऊन तयार झालेला खडक. वाळूचे कण कशाने जोडलेत यावर त्याचा स्वभाव ठरतो. सिलिकाने (गारेच्या खनिजाने) जोडलेला खडक कणखर असतो. कॅल्साइटने (चुन्याच्या खनिजाने) किंवा चिकणमातीने जोडलेला खडक कोरडा असताना भक्कम वाटतो, पण भिजला की ढिला पडतो. लाल-तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. मात्र रंग गडद म्हणजे खडक मजबूत, असं समजू नका.

ट्रेकरने लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हा खडक सच्छिद्र आहे. पाऊस थांबून ऊन पडलं की पृष्ठभाग लवकर सुकतो, आत ओल तशीच राहते. एरवी माणसाचं वजन सहज पेलणारा होल्ड, म्हणजे हाताने धरायचा किंवा पाय ठेवायचा उंचवटा, अशा वेळी हातात तुटून येतो. वालुकाश्मावर चढाई करणारे पावसानंतर किमान २४ तास थांबतात. पाऊस जोराचा असेल किंवा कड्यावर ऊनच पोहोचत नसेल तर ७२ तासांपर्यंत. जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म सुळक्यांवर तर ओल्या खडकावर चढायला नियमानेच मनाई आहे. ओल तपासायची एक सोपी युक्ती आहे. कड्याच्या पायथ्याची वाळू बोटांनी चार-पाच सेंटिमीटर उकरा. खालची वाळू दमट लागली तर खडकही आतून ओला आहे असं धरून चाला.

वालुकाश्मात अधूनमधून शेलचे, म्हणजे चिखल दबून बनलेल्या खडकाचे, मऊ थर असतात. ते आधी झिजतात आणि वरचा वालुकाश्म छतासारखा पुढे येतो. या कपारी सावलीला उत्तम, पण छताच्या कडेखाली ताजे, कोरदार दगड पडलेले दिसले तर तिथे बसू नका. ते दगड वरूनच आलेले असतात. वालुकाश्मातून झिरपणारं पाणी शेलपाशी अडतं आणि त्या रेषेवर आडवं बाहेर येतं. कोरड्या कड्यावर नेच्यांची, शेवाळाची हिरवी आडवी पट्टी दिसली तर तिथे झरा असण्याची शक्यता असते, आणि खालचा खडक निसरडा असणार हेही ओघाने आलंच.

उभ्या भेगांकडे विशेष लक्ष द्या. कड्यातल्या बाजूच्या घळी बहुधा याच भेगांवर कोरल्या जातात, आणि वर निघायच्या वाटा बहुतेक करून त्यांतच सापडतात.

नकाशावरची एक संध्याकाळ

समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि उपग्रह चित्र शेजारी शेजारी ठेवून बसा. समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा आहे. जिथे त्या किंचित फाकतात आणि पठाराकडे इंग्रजी 'व्ही'सारख्या वळतात, तिथे बाजूची घळ उतरते. अशी प्रत्येक जागा नकाशावर खूण करून अ, ब, क अशी नावं द्या. मग दोन गोष्टी लिहा: दोन जागांमधलं अंतर, आणि ती जागा नुसती पुराच्या वर नेणारी आहे की थेट पठारावर पोहोचवणारी. पहिल्या प्रकारची जागा जीव वाचवते, दुसऱ्या प्रकारची घरी पोहोचवते. नकाशावर दिसणारी घळ प्रत्यक्षात कोरड्या धबधब्याने बंद असू शकते, त्यामुळे स्थानिक माहितगाराकडून पडताळून घ्या. त्याला नुसतं 'वाट आहे का' असं विचारू नका. 'सॅक पाठीवर घेऊन, दोराशिवाय, अमुक ठिकाणाहून वर येता येतं का' असं नेमकं विचारा.

यानंतर पाणलोट पाहा. तुम्ही चालणार तो भाग पाच किलोमीटरचा असेल, पण त्यात पाणी आणणारा प्रदेश पन्नास किलोमीटर लांबवर पसरलेला असू शकतो. हवामानाचा अंदाज त्या सगळ्या प्रदेशाचा बघायचा असतो. वरच्या अंगाला धरण किंवा बंधारा असेल तर विसर्गाचं वेळापत्रक संबंधित कार्यालयाकडून घ्या. निरभ्र आकाशाखाली येणारा पूर असाही असतो.

वेळेचा हिशोब करताना नेहमीचे आडाखे बाजूला ठेवा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला नियम आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बऱ्या पायवाटेसाठी तो ठीक आहे. बोल्डर (मोठाले सुटे दगड), डोह आणि वारंवार पात्र ओलांडणं असेल तर तासाला एक ते दीड किलोमीटर धरा. म्हणजे आठ किलोमीटरची घळई हा विश्रांती सोडूनच साधारण साडेपाच ते आठ तासांचा मामला झाला. घळईत ऊनही लवकर जातं. पठारावर अजून लख्ख उजेड असतो तेव्हा तळाशी पायाखालचा दगड नीट दिसेनासा झालेला असतो. म्हणून निघतानाच मागे फिरायची वेळ ठरवा, लिहून ठेवा, आणि ती वेळ झाली की 'अजून एक वळण' न म्हणता फिरा.

पूर: इथे घाई करू नका, हा भाग दोनदा वाचा

अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये अँटिलोप कॅन्यन नावाची वालुकाश्माची अतिशय अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिच्यात अचानक आलेल्या लोंढ्याने ११ पर्यटकांचा जीव घेतला. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला. सप्टेंबर २०१५ मध्ये यूटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ७ जण गेले. जॉर्डनमधल्या पेट्रा शहराची प्रवेशघळ, 'सिक', हीसुद्धा वालुकाश्मातलीच. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या नबातियन लोकांनी तिच्या तोंडाशी बंधारा घालून आणि खडकात बोगदा खोदून पुराचं पाणी दुसरीकडे वळवलं होतं. घळईत राहणाऱ्या लोकांनी पाण्याचा किती धाक बाळगला होता ते यावरून कळतं.

पूर इतका अचानक येतो त्याचं कारण सरळ आहे. उघड्या खडकावर आणि पातळ मातीवर पडलेला जोराचा पाऊस जिरत नाही, लगेच वाहू लागतो. पठारावर शंभर मीटर पसरून वाहणारं पाणी पाच मीटर रुंदीच्या घळीत शिरलं की त्याला वर चढण्यावाचून जागा नसते. झायनमधली 'नॅरोज' ही प्रसिद्ध वाट बरीचशी नदीच्या पात्रातूनच जाते. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की तिथलं प्रशासन ती बंद करतं. आपल्या वाचनातल्या धरणविसर्गाच्या आकड्यांपुढे हा आकडा अगदीच लहान वाटेल, पण अरुंद पात्रात तेवढा पुरतो.

घळईत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत थांबून भिंती वाचा. कड्यातल्या एखाद्या भेगेत वाळलेलं गवत, काटक्या, कधी एखादा ओंडका आडवा अडकलेला दिसेल. काटक्यांची टोकं प्रवाहाच्या दिशेला वळलेली असतात, फटीत चिखलाची सुकलेली पापडी असते. ती भेग तुमच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं, आणि पुन्हा येऊ शकतं. कड्याच्या तळाचा घासून निघालेला, फिकट, शेवाळ नसलेला पट्टा हीच गोष्ट सांगतो. विश्रांतीला बसायची जागा, आणि मुक्काम असेल तर तंबूची जागा, या खुणेच्या बरीच वर हवी. पात्रातली सपाट मऊ वाळू कितीही मोहात पाडो, तिथे झोपायचं नाही.

लोंढ्याची पूर्वसूचना मिळते, पण फार थोडा वेळ आधी. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पाण्यावर पानं, काटक्या, फेस येऊ लागतो. पातळी बोटभर चढते. वरच्या अंगाने गार वाऱ्याची झुळूक आणि आगगाडीसारखा घुमणारा आवाज येतो. यातलं एक जरी जाणवलं तरी खात्री करत बसू नका. खालच्या दिशेने पळून लोंढ्याला मागे टाकता येत नाही. जवळच्या उंच जागी चढा. जड सॅक चढताना आड येत असेल तर सोडा. वर पोहोचल्यावर पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा, मग रात्र काढावी लागली तरी चालेल. पहिल्या लोंढ्यामागून दुसरा येऊ शकतो.

म्हणूनच चालताना गटातल्या प्रत्येकाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक प्रश्न विचारायची सवय लावा: 'आत्ता पाणी आलं तर तू कुठे चढशील?' उत्तर लगेच हवं. लांबलचक अरुंद भागात त्याला उत्तरच नसेल, तर तो भाग आकाश आणि अंदाज दोन्ही स्वच्छ असतानाच, न रेंगाळता पार करायचा.

सॅकमध्ये काय

यावर फार शब्द खर्च करत नाही. बूट असे हवेत की पाणी आत आलं तरी लगेच निथळेल, आणि ज्यांचा रबरी तळवा ओल्या दगडावर धरेल. सँडल किंवा अनवाणी पाय नकोत, कारण गढूळ पाण्यातल्या दगडांवर बोटं ठेचतात. जीन्स आणि सुती कपडे टाळा. एक मजबूत काठी, छातीच्या उंचीची. हेल्मेट, हेडटॉर्च आणि जादा बॅटरी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी. कोरडे कपडे आणि अन्न वॉटरप्रूफ पिशवीत. अशी हवाबंद पिशवी सॅकमध्ये असली की डोहात सॅक तरंगते, हा जादा फायदा. छापील नकाशा आणि कंपास घ्या, कारण उंच कड्यांवरून सिग्नल परावर्तित होऊन जीपीएस चुकीची जागा दाखवतो आणि मोबाइलला रेंज बहुधा नसतेच. उपग्रह संदेशयंत्र असेल तर त्यालाही मोकळं आकाश लागतं. ते अरुंद भागात चालेलच असं नाही.

पात्रातली चाल

वळणावर नदी बाहेरच्या अंगाला वेगाने घासते. तिथे पाणी खोल असतं आणि कडा खालून पोखरलेला असतो. आतल्या अंगाला वेग कमी होतो, वाळू-गोटे साठतात. तेव्हा चाल आतल्या अंगाने ठेवा. पुढचं वळण उलट्या बाजूला असेल तर पात्र ओलांडावं लागतं, आणि त्यासाठी चांगली जागा दोन वळणांच्या मधला सरळ, रुंद, उथळ पट्टा. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथे पाणी खोल आणि जोरकस असतं.

ओलांडण्याआधी खालच्या अंगाला काय आहे ते बघा. पडलात तर कुठे जाल? खाली धबधबा, अडकलेलं झाड किंवा मोठ्या बोल्डरांची गर्दी असेल तर जागा बदला. मग एक काटकी पाण्यात टाका. झपझप चालूनही तिला गाठता येत नसेल तर पाण्यात उतरू नका. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. वेगाने वाहणारं पाणी अवघं १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाला पाडू शकतं.

उतरताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी वरच्या अंगाला टेकवा, तिच्यावर थोडं वजन द्या. काठी आणि दोन पाय अशा तीन टेकूंपैकी एका वेळी एकच हलवा. पाय उचलून टाकण्यापेक्षा तळ चाचपत सरकवा, आणि दिशा किंचित खालच्या अंगाला तिरपी ठेवा. गट असेल तर सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला आणि बाकीचे त्याच्या मागे, एकमेकांच्या सॅकचे खांद्याचे पट्टे घट्ट धरून. दोर अंगाला बांधून वाहतं पाणी कधीही ओलांडू नका. माणूस पडला तर ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून जायला लागलात तर पाठीवर उताणे व्हा, पाय खालच्या दिशेला आणि पाण्याच्या वर ठेवा, हातांनी काठाकडे सरका. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला तर पाऊल दगडांत अडकतं आणि पाणी माणसाला पुढे ढकलून त्याचं तोंड पाण्याखाली नेतं.

वालुकाश्माच्या घळईची आणखी दोन वैशिष्ट्यं सांगायला हवीत. पहिलं, रांजणखळगे. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी ते खडकात कोरलेले असतात आणि गढूळ पाण्यात अजिबात दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल गळ्याइतक्या खोलात जाऊ शकतं, म्हणून काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. काही खळगे आतून गुळगुळीत आणि वरच्या बाजूला अरुंद असतात. पाणी कमी असलं तर त्यांत उतरलेल्याला एकट्याने बाहेर येता येत नाही.

दुसरं, पूर ओसरल्यावर काठाशी राहिलेली पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू. तिच्यात माणूस पूर्ण बुडत नाही, कारण वाळू-पाण्याचं मिश्रण शरीरापेक्षा बरंच घन असतं. पण पाय मांडीपर्यंत रुतू शकतो. पाय सरळ वर ओढू नका. मागे रेला, वजन पसरू द्या आणि पाय हळूहळू हलवत राहा, म्हणजे भोवती पाणी शिरून पकड सैल होते.

खडकाला हात घालताना

कोरड्या वालुकाश्मावर बुटाची पकड फार छान मिळते. उतरत्या कातळावर संपूर्ण तळवा टेकवून, शरीर ताठ ठेवून चाललं की भीती वाटण्यासारखा उतारही जमतो. अडचण करते ती वर पसरलेली सुटी वाळू. मोहरीच्या दाण्यांवर पाय पडावा तसा तिच्यावरून पाय सटकतो. असा चढाईचा टप्पा सुरू करण्याआधी बुटाचे तळवे एकमेकांवर घासून झाडा आणि पाय ठेवायची जागा हाताने पुसून घ्या.

प्रत्येक होल्ड वजन देण्याआधी तळहाताने ठोका. घट्ट दगडाचा आवाज भरीव येतो. पोकळ आवाज आला किंवा हाताला कंप जाणवला तर तो पापुद्रा आहे, सोडून द्या. दुसरा होल्ड नसेलच तर ओढ बाहेरच्या दिशेला न देता सरळ खाली द्या. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर हवेत. उतरताना तोंड खडकाकडे. उडी नको. घोटा मोडला तर या जागेतून स्ट्रेचर काढणं किती कठीण आहे ते एकदा मागे वळून बघा.

अरुंद भागात दोन भिंतींमध्ये अडकून राहिलेले बोल्डर भेटतात. कितीही मोठे असले तरी ते पक्के आहेत असं गृहीत धरू नका. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅरन राल्स्टन हा अमेरिकन गिर्यारोहक यूटामधल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटाच उतरत असताना असाच एक बोल्डर सुटला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडून अडकला. कुठे जातोय हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच दिवसांहून जास्त काळ अडकून पडल्यावर त्याने स्वतःच तो हात कापून सुटका करून घेतली.

मी सगळ्यात कडक पाळतो तो नियम असा: जो टप्पा परत चढून येता येणार नाही, तो पुढची वाट पक्की माहीत असल्याशिवाय उतरायचा नाही. गुळगुळीत घसरगुंडीवरून डोहात सरकायला पाच सेकंद लागतात. पुढे तीस मीटरचा कडा निघाला आणि मागे तीच घसरगुंडी, तर माणूस कोंडला गेला. शंका असेल तर आधी एक दोर मागे लावून ठेवा, पुढे बघून या, मग गट उतरवा.

थंडी, ऊन आणि पिण्याचं पाणी

बाहेर कितीही कडक ऊन असलं तरी ज्या डोहांवर ते कधी पडतच नाही ते बर्फगार असतात. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने काढून घेतं. कुडकुडणं, बोटांनी साधं बक्कल न लागणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली की त्या माणसाला पाण्याबाहेर काढा, ओले कपडे बदला, गोड खायला द्या. तो स्वतः 'मी ठीक आहे' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. याउलट रुंद, उघड्या भागात कडे तापतात आणि दोन्हीकडून उष्णता फेकतात. तो भाग सकाळीच उरकलेला बरा.

पाणी शक्यतो कड्यातून झिरपणाऱ्या झऱ्याचं घ्या, आणि तेही शुद्ध करूनच. पात्रातलं गढूळ पाणी आधी भांड्यात निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो. खळखळून एक मिनिट उकळणं पुरेसं असतं, २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. साचलेल्या पाण्यात हिरवट-निळसर तवंग किंवा दगडांवर तशी लिबलिबीत साय दिसली तर ते पाणी अजिबात नको. ती निळ-हरित जिवाणूंची वाढ असू शकते आणि त्यांचं विष उकळून जात नाही. २०२० साली झायनच्या व्हर्जिन नदीतही असं विष आढळलं होतं.

मागे काही राहू नये

हा खडक मऊ आहे. खिळ्याने कोरलेलं नाव शेकडो पावसाळे टिकतं आणि त्याखाली एखादं प्राचीन चित्र असेल तर ते कायमचं जातं. वालुकाश्माच्या कपारी ही आदिमानवाच्या चित्रांची हक्काची जागा. त्यांना हात लावू नका, पाणी मारून रंग उठावदार करून फोटो काढू नका. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जायचं असतं. अरुंद घळईत ते शक्यच नाही, म्हणून घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या न्या आणि सगळं परत आणा. ऐकायला अवघड वाटतं, पण खालच्या अंगाला कुणीतरी हेच पाणी पिणार आहे. छताखाली मधमाश्यांची पोळी दिसली तर आवाज, धूर, अत्तराचा वास यांपैकी काही नको. लांबून, शांतपणे निघून जा.

निघण्याआधी आणि आल्यावर

किमान चौघं असा: एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी आणि दोघं मदतीला. घरी किंवा जबाबदार माणसाकडे लेखी द्या: कुठून शिरणार, कुठून बाहेर येणार, अ, ब, क या जागांच्या खुणा असलेली नकाशाची प्रत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा ती वेळ. अडकलात तर शिट्टीच्या ठरावीक अंतराने सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. घळईत आवाज घुमतो आणि दिशा कळत नाही, म्हणून अंधारात टॉर्चचेही तसेच सहा झोत द्या.

रेंजमध्ये आलात की सगळ्यात आधी त्या माणसाला फोन करा. मग नकाशावरच्या खुणांपुढे प्रत्यक्षात काय आढळलं ते त्याच दिवशी लिहा: कोणती घळ खरंच चढता येते, कोणती वर जाऊन बंद होते, कुठून कुठे किती वेळ लागला. बुटांतली वाळू आणि चिखल त्याच नदीकाठी झाडून, घरी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एका पात्रातलं बी-बियाणं किंवा जंतू दुसऱ्या पात्रात जाणार नाहीत. दोर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. धाग्यांत राहिलेले वाळूचे कण तो आतून कापत राहतात.